बाबांच्या हाताची पकड

आमच्या घरी कोणाचा हात रिकामा राहिलेला बाबांना चालत नसे. मी झाडत असले, भांडी घासत असले, नळावर पाण्याची पितळी गुंड घेऊन रांगेत उभी असले, तरी माझ्या उजव्या तळहातात एक जुना कलदार रुपया असायचा. तो मुठीत धरायचा नाही. मूठ मिटली की बघणाऱ्याला कळतं, आत काहीतरी आहे. बोटं सैल सोडायची, आणि अंगठ्याखालचा मांसल गड्डा व समोरची करंगळीकडची बाजू यांच्यात रुपया दाबून धरायचा. हात असा दिसला पाहिजे की त्यात काही नाही. बाबा याला नुसतं 'दाबणं' म्हणत. रुपया फरशीवर पडला की त्याचा आवाज घरभर जाई आणि बाबा असतील तिथून ओरडत, "पुन्ना!" मग केलेलं काम पुन्हा पहिल्यापासून करायचं. झाडलेलं घर मी कित्येकदा दुसऱ्यांदा झाडलं आहे.

घर म्हणजे अकोल्यात जिनिंगच्या मागच्या गल्लीतल्या दोन खोल्या. मोसमात कापसाची बारीक रुई हवेत उडत राहायची. ती दाराच्या कडीवर बसायची, मायच्या केसांवर बसायची, तुरीच्या वरणावर तरंगायची. माय ती बोटानं काढून टाकायची आणि तेच वरण आम्हाला वाढायची. सकाळी जिनिंगचा भोंगा, मग चुलीचा धूर, मग बाबांचे पत्ते. बावन्न पत्ते एका हातातून दुसऱ्या हातात फर्रकन जायचा तो आवाज मला भोंग्यापेक्षा जास्त आठवतो. जेवायला कळण्याची भाकर, अंबाडीची भाजी, नाहीतर जवसाची चटणी आणि तेल. बाबांच्या भाकरीला तेल जास्त, कारण बोटं मऊ राहिली पाहिजेत. माय म्हणायची, "आमची बोटं काय लाकडाची हायेत?" पण तेल त्यांनाच वाढायची.

बाबा आधी जिनिंगमध्येच गाठी बांधायच्या कामावर होते. तिथून त्यांना जादू लागली ती बाळापूरच्या एका कल्हईवाल्या चाचांमुळे. चाचा भांड्यांना कल्हई करायचे आणि गिऱ्हाईक थांबलेलं असलं की दोन पैशांचं नाणं हवेत नाहीसं करून दाखवायचे. बाबांनी त्यांच्या भट्टीपाशी तीन-चार वर्षं रविवार घालवले. चाचांचं एकच सांगणं होतं, ते बाबा मला त्यांच्याच भाषेत सांगत, "बेटा, जादू वादू कुछ नहीं, हाथ में जान चाहिए." पुढे बाबांनी जिनिंग सोडली आणि शाळा, बाजार, जत्रा यांतून खेळ करू लागले. काळा कोट, लांब बाह्या, डोक्याला फेटा. पिंजरा, कबुतर, कापलेली बाई, यातलं आमच्याकडे काही नव्हतं. पत्ते, नाणी, एक रुमाल आणि कापराची डबी. सगळं हातावर होतं. म्हणून दुसऱ्यांच्या घरी शेत असतं तसे आमच्या घरी हात होते.

हाताची पकड वाढवायला बाबा जे करत ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. सायकलच्या जुन्या ट्यूबची घट्ट वळकटी करून ती दाबायची. ओली सतरंजी एकट्यानं पिळायची. सरकी असलेला कापूस घ्यायचा आणि बोटांच्या चिमटीनं सरकी वेगळी करायची, नखं न लावता. हे मलाही करावं लागे. आणि शेवटी अडकित्ता. चौकातल्या पानवाल्याच्या सुपाऱ्या बाबा घरी आणत आणि दुपारभर कातरत बसत. सुपारी वाळलेली, दगडासारखी. अडकित्त्याच्या दांड्या तळहातात धरून हळूहळू दाबायच्या, एकदम नाही. एकदम दाबलं तर खांद्याचा जोर लागतो, हळू दाबलं तर बोटांचा. कट्ट आवाज आला की एक झाली. माझ्या नातीनं मागच्या महिन्यात अमरावतीहून येताना हाताची पकड वाढवायचं स्प्रिंगचं साधन आणलं. ती कॉलेजात आहे आणि मोबाईलवर बघून पत्त्यांची जादू शिकते आहे. मला म्हणाली, "आजी, रोज पन्नासदा दाबायचं असते, मग बोटं मजबूत होतात." मी तिला म्हटलं, दुखलं तर थांबजो. ती हसली. मी हसले नाही.

बाबांचा हात पहिल्यांदा चुकला तो घरात. दिवाळीनंतरचे दिवस होते. ते एक पत्ता हाताच्या मागे लपवायचा सराव करत होते. पत्त्याची दोन टोकं बोटांच्या फटीत धरायची, एक टोक तर्जनीपाशी, दुसरं करंगळीपाशी, आणि तळहात लोकांना मोकळा दाखवायचा. हे त्यांचं झोपेतही होणारं काम होतं. पत्ता करंगळीकडून सुटला आणि चुलीपाशी येऊन पडला. चौकटची राणी होती. माय म्हणाली, "राणी पयाली तुमची." बाबाही हसले. पत्ता उचलला, पुन्हा लावला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा कोणी हसलं नाही.

"थंडीनं बोटं आखडली," बाबा म्हणाले.

"मंग आज शेकून घ्या," माय म्हणाली.

"शेकून काय होते? पकड ढिली झाली. मीच आळस केला." आणि त्या दिवसापासून सुपाऱ्या दुप्पट झाल्या.

मी तेव्हा चौथी पास झाले होते आणि बाबांनी मला पुढं घातलं नाही. मी त्यांच्यासोबत खेळात उभं राहायचं ठरलं होतं. मला याचं अजिबात वाईट वाटलं नाही. नवा फ्रॉक मिळणार होता आणि दर्यापूरच्या एका शाळेत खेळ होणार होता. हे खरं आहे, म्हणून लिहिते. शाळा सुटल्याचं दुःख मला फार नंतर, अर्ज भरायला दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागलं तेव्हा झालं.

हात नुसता ढिला नाही हे मला हळूहळू दिसायला लागलं. बाबांची बिडी बोटांपर्यंत जळत यायची आणि त्यांना कळायचं नाही. माय म्हणायची, "अवो, बोट!" मग ते बघायचे आणि टाकायचे. एकदा त्यांनी चुलीवरची पितळेची गंजी फडक्याशिवाय उचलून खाली ठेवली. मायनं त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "पाह्य, कशी सहनशक्ती वाढली." त्यांच्या उजव्या हातावर, कोपराच्या थोडं खाली, एक चट्टा होता. आजूबाजूच्या कातडीपेक्षा फिकट, रुपयापेक्षा मोठा. माय त्यावर कडुनिंबाचं तेल लावायची आणि लावताना दार लोटून घ्यायची. मी एकदा विचारलं, हे काय आहे. माय म्हणाली, "गजकर्ण हाये. बाहेर कोणाले सांगजो नोको." गजकर्णासाठी कोणी दार लोटत नाही, एवढं मला कळत होतं.

त्या रोगाचं नाव आमच्या घरात कोणी घेतलं नाही. आज त्याला कुष्ठरोग म्हणतात, गोळ्या घेतल्या की बरा होतो, भिंतींवर लिहिलेलं असतं. तेव्हाही गोळ्या होत्याच, पण आमच्या गल्लीत त्याला रक्तपिती म्हणत आणि नाव घेताना आवाज खाली जात असे. आमच्याच गल्लीत एका बाईला तो निघाला तेव्हा बायकांनी तिची गुंड नळावरून लाथेनं उडवली होती. ती गुंड गटारात गडगडत गेली. लाथ मारणाऱ्यांत माय नव्हती, पण ती रांगेत उभी होती आणि तिनं आपली गुंड पुढे सरकवली होती. तिला काय होऊ शकतं हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

आणि मग त्या रोगाचा सर्व्हेवाला आला. सायकलवर, खाकी थैली, मोठं रजिस्टर. दुपारची वेळ होती. तो गल्लीत घरोघर जाऊन माणसं तपासत होता. आमच्या दारात आला तेव्हा बाबा मागच्या मोरीपाशी, ताडपत्रीच्या आडोशाला, सुपाऱ्या कातरत बसले होते. सायकलची घंटी वाजली आणि अडकित्त्याचा आवाज थांबला.

"घरात किती माणसं?" त्यानं विचारलं.

"मी अन् हे पोट्टी," माय म्हणाली. "अन् हिचे बाबा. ते बाळापूरले गेले बजाराले."

"केव्हा येतात?"

"त्यायचं काय सांगता? खेळ करतात. आठ-आठ दिस येत नाईत."

त्यानं आधी मायचे हात पाहिले, मग माझे. थैलीतून कोंबडीचं एक पीस काढलं. मला म्हणाला, "डोये मीट. जिथी लागन तिथी बोट ठेव." त्यानं पाठीला, हाताला, गालाला पीस लावलं. मला गुदगुल्या झाल्या आणि प्रत्येक जागी मी बरोबर बोट ठेवलं. तो बरा माणूस होता. "शाबास," म्हणाला. मग खाली बसला, माझ्या तोंडासमोर तोंड आणून त्यानं विचारलं, "बेबी, तुह्या बाबाच्या अंगावर चट्टा हाये का कुठी? हाताले मुंग्या येतात का? हातातून जिन्नस पडते का कधी?"

मायनं मला खुणावलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे नातेवाइकांनी सगळा दोष तिच्यावर टाकला आणि ती मरेपर्यंत तो घेऊन जगली. तिनं एक खोटं सांगितलं, बाबा घरी नाहीत हे. त्यानं हाताचं विचारलं तेव्हा ती जमिनीकडे बघत होती. माझ्या मनात काय होतं ते मला स्वच्छ आठवतं. दर्यापूरचा खेळ होता, आणि गटारात गडगडणारी ती गुंड होती.

"नाई," मी म्हणाले. "माह्या बाबाची पकड लय मजबूत हाये. ते जादूगार हायेत."

तो हसला. "जादूगार? मंग तर त्यायचे हात पहाच लागन. आले की दवाखान्यात पाठवजा बाई," असं मायला सांगून त्यानं रजिस्टरमध्ये लिहिलं, दाराच्या चौकटीवर खडूनं आकडा घातला आणि पुढच्या घरी गेला.

बाबा आत आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं होतं ते काही बोलणार नाहीत, कारण बोललं तर ते नाव घ्यावं लागेल. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, असा त्यांनी कधी ठेवला नव्हता. म्हणाले, "बस अठी. आज तुले चालता रुपया शिकवतो." चालता रुपया म्हणजे बोटांच्या पाठीवरून, गाठीवरून गाठीवर, करंगळीपर्यंत रुपया चालवत न्यायचा आणि खालून परत आणायचा. हा खेळ ते कोणाला शिकवत नसत. चाचांनीही त्यांना दोन वर्षं ताटकळत ठेवून शिकवला होता. मला तो एका दुपारी मिळाला. बाबा स्वतः करून दाखवू शकले नाहीत. तर्जनी, मधलं बोट इथपर्यंत रुपया चालला आणि पुढे पडला. म्हणून त्यांनी माझा हात धरून, माझीच बोटं हलवून शिकवलं. मायनं त्या दिवशी पाटवड्या केल्या. आम्ही तिघं पोटभर जेवलो. त्या जेवणाइतकं चवदार जेवण मला आठवत नाही, आणि मला त्याची लाज वाटते.

पुढचं वर्षभर बाबांनी हाताला जे केलं ते मी रोज पाहिलं. त्यांचं म्हणणं एकच, पकड गेली आहे, ती परत आणायची. ट्यूबची वळकटी त्यांनी आणखी जाड केली. सुपाऱ्या सकाळीही कातरू लागले. अडकित्त्याच्या दांडीनं तळहाताला आधी घट्टा पडला, मग घट्ट्याखाली पाणी झालं, मग तो फुटला. माणूस अशा हातानं काम करत नाही, कारण करवत नाही. बाबा करत, कारण त्यांना दुखतच नव्हतं. न दुखणं ही त्यांना सुधारणा वाटली. "पाह्य, दोनशे कातरल्या, अन् काहीच नाई," ते म्हणायचे आणि मायनं बघितलं की त्या सुपाऱ्यांवर लाल डाग असायचे. माय सुपाऱ्या धुऊन, उन्हात वाळवून पानवाल्याला द्यायची. जखमेत हळद भरायची, वर तेलाची पट्टी बांधायची. दुसऱ्या दिवशी ते पट्टी सोडून परत बसायचे. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळायला लागलं होतं. रात्री ते दोन्ही बोटं सरळ करून खापरीच्या तुकड्याशी बांधून झोपत.

खेळ मात्र चालू होता, कारण आता मी होते. बाबा बोलायचे, फेटा हलवायचे, डावा हात नाचवायचे. उजव्या हातातलं नाणं मी त्यांच्या बाजूला उभी राहून रुमालाखालून घ्यायचे आणि माझ्या तळहातात दाबायचे. ते उजवा हात रिकामा दाखवायचे तेव्हा तो खरंच रिकामा असायचा. लोक टाळ्या वाजवायचे. माझी पकड उत्तम झाली होती. मी नसते तर दोन महिन्यांत खेळ बंद पडला असता आणि बाबांना कुठेतरी हात दाखवावाच लागला असता. मी होते म्हणून तो वर्षभर चालला. मुलीनं बापाला मदत केली असं म्हणतात अशा गोष्टीला.

दर्यापूरच्या त्या शाळेत आम्ही दोन वर्षं लागोपाठ गेलो. मी लिहिते आहे ते दुसऱ्या वर्षाचं. व्हरांड्यात खेळ होता, समोर मैदानात पोरं बसलेली, खुर्च्यांवर मास्तर. शेवटचा खेळ कापराचा. उजव्या तळहातावर रुपया ठेवायचा, रुपयावर कापराची वडी पेटवायची, चार शब्द बोलायचे, मग मूठ मिटून आग विझवायची. मूठ उघडली की रुपया नाही. यात किती वेळ धरायचं हे कोणी शिकवत नाही. ते हातच सांगतो. रुपया तापून चटका बसायला लागला की मूठ मिटायची. बाबांनी हा खेळ शेकड्यांनी केला होता आणि मोजायची गरज त्यांना कधी पडली नव्हती.

त्या दिवशी पोरं फार खूश होती. बाबा रंगात आले. कापूर पेटला आणि ते बोलत राहिले. "पाहा, पोट्टेहो, अग्नी हाये का नाई? हाये! जादूगाराले जायते का? नाई जायत!" पोरं ओरडली, नाही जाळत. मी रुमाल घेऊन त्यांच्या कोपरापाशी उभी होते. मला वास आला. कापराचा नव्हे. रुपयाच्या कडेनं कातडी पांढरी पडून वर आली होती. मी "बाबा" म्हणू शकत होते. खेळ चालू असताना तोंड उघडायचं नाही अशी शिकवण होती, आणि मी ती पाळली. बाबांनी आणखी दोन वाक्यं म्हटली, मूठ मिटली, मी रुमाल पुढे केला आणि रुपया घ्यायला गेले तर तो निघेना. तो तळहाताला चिकटला होता. बाबा हसत होते. त्यांना वाटलं, मी उशीर करते आहे. "घे ना वं," ते दातातल्या दातात म्हणाले.

पोरं टाळ्या वाजवत होती. हेडमास्तर खुर्चीवरून उठले, व्हरांड्यावर आले आणि हळूच म्हणाले, "हात दाखवा." बाबांनी हात मागे घेतला. हेडमास्तर म्हणाले, "तुमचा हात जळून राहिला आणि तुम्ही हसून राहिले. दाखवा." मग त्यांनी स्वतःच मनगट धरलं, कोटाची बाही वर सारली आणि चट्टा पाहिला. पुढच्या खुर्च्यांवरचे मास्तर उठून दोन पावलं मागे गेले. एकानं पोरांना वर्गात जायला सांगितलं. हेडमास्तरांनी मनगट सोडलं नाही. हा एक माणूस मला आठवतो ज्यानं मनगट सोडलं नाही.

त्यांनी चिठ्ठी लिहून दिली आणि आम्ही तिथूनच बसनं अमरावतीला गेलो. बाबांच्या हाताला शाळेतला फळा पुसायचा कपडा बांधला होता. बसमध्ये ते शेवटच्या बाकावर खिडकीशी बसले आणि वाटभर एकदाच बोलले. म्हणाले, "खेळ पूर्न झाला असता."

दवाखाना गावाबाहेर होता. बाहेर लिंबाची झाडं, ओळीनं खोल्या, आणि ओट्यावर बसलेली माणसं, ज्यांच्याकडे मी बघितलं नाही. डॉक्टरांनी जखम धुतली तेव्हा बाबांनी तोंड वाकडं केलं नाही. मग डॉक्टरांनी जाड कागदाची एक पट्टी घेतली, पत्त्याएवढी, आणि बाबांना म्हणाले, ही करंगळी आणि शेजारच्या बोटात घट्ट धरा. बाबांनी धरली. डॉक्टरांनी दोन बोटांनी ती ओढली आणि ती लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. पुन्हा दिली, पुन्हा निघाली. बाबांना वाटलं डॉक्टर हातचलाखी करत आहेत. म्हणाले, "कागद गुयगुयीत हाये, डाक्टरसाहेब. माह्या पत्त्यावर करून पाहा."

"कागद ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "बोटं धरत नाहीत. हा तळहात कशानं फाटला?"

"पकडीसाठी. अडकित्ता चालवतो रोज."

डॉक्टरांनी बाबांची बाही कोपराच्या वर सारली. मग त्यांनी बाबांच्या कोपराच्या आतल्या बाजूला अंगठा दाबला आणि मलाही तिथे बोट लावायला सांगितलं. दोरीसारखी जाड नस होती. "पकड इथं गेली," ते म्हणाले. "हातात नाही. रोग नसेत शिरला. आधी आले असते तर गोळ्यांनी नस वाचली असती. हात दुखला असता तर तुम्ही थांबले असते. तो दुखला नाही, म्हणून तुम्ही त्याला फाडत गेले."

आधी म्हणजे किती, असं बाबांनी विचारलं. एक वर्ष, डॉक्टर म्हणाले.

नाव लिहून घ्यायला जो माणूस रजिस्टर घेऊन आला तो तोच होता, सायकलवाला, अकोल्याहून बदली होऊन तिथं आलेला. गाव, गल्ली विचारता विचारता तो थांबला. मला ओळखलं. मी त्याच्याकडे बघत राहिले, कारण खाली बघितलं तर तो चोर समजेल असं मला वाटलं. तो रागावला नाही. म्हणाला, "मोठे लोक खोटं सांगतात, हे मले मालूम असते, बेबी. म्हनून मी लेकराले इचारतो." आणि पुढची ओळ लिहायला लागला.

बाबा तिथेच राहिले. रोग गोळ्यांनी थांबला, दोन-तीन वर्षांत दुसऱ्याला लागण्यासारखा राहिला नाही, पण हात गेला. पाचही बोटं आत वळली आणि टोकं झिजून आखूड झाली; रोग थांबेपर्यंत डाव्या हाताचीही वळली होती. तिथल्या मागावर सुताच्या सतरंज्या विणायचं काम ते मनगटांनी शिकले. अकोल्याच्या खोल्या घरमालकानं आठ दिवसांत रिकाम्या करायला लावल्या. आम्ही बडनेऱ्याला मायच्या चुलत भावाच्या ओसरीत आलो. माय रेल्वेच्या वसाहतीत धुणीभांडी करू लागली आणि मीही. विचारलं तर माय सांगायची, हिचे बाबा नागपूरला खेळ करतात. पुढे सांगू लागली, वारले. मी रुपया दाबणं सोडलं. सोडलं म्हणजे ठरवून नाही, भांडी राखेनं घासताना दोन्ही हात लागतात.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी बाबांना सांगायला गेले. मुलाकडच्यांना मुलीचा बाप नाही असंच सांगितलेलं होतं. मला ते बाबांना सांगावं लागलं, कारण लग्नाला या असं म्हणायला मी आले आहे असा त्यांचा समज झाला होता आणि त्यांनी शेजारच्या माणसाकडून धुतलेला सदरा मागून ठेवला होता. ते ऐकून म्हणाले, "बरं केलं. काय करतो मुलगा?" मी सांगितलं, रेल्वेत खलाशी आहे. "चांगलं हाये," म्हणाले. मग आम्ही जेवायला बसलो. त्यांच्या उजव्या मनगटाला कातडी पट्टा होता आणि त्यात चमचा खोचलेला. वरण-भात त्यानं खाता यायचा, भाकर यायची नाही. मी भाकर मोडून वरणात कुस्करून दिली. त्यांनी ती खाल्ली. वर बघितलं नाही.

मी तेव्हा सतरा-अठराची होते. आणखी कधी विचारता येईल असं वाटलं नाही.

"बाबा, तो सर्व्हेवाला आला होता, त्या दिवशी मी खरं सांगितलं असतं तर?"

त्यांनी चमचा ताटात टेकवला. तोंडातला घास गिळला.

"तुले मारलं असतं मी," ते म्हणाले. "तो गेल्यावर. चांगलं बदडलं असतं."

"अन् हात?"

त्यांनी पट्ट्यातल्या चमच्याकडे पाहिलं.

"हात राह्यला असता," ते म्हणाले.

तू लहान होतीस, घाबरली होतीस, जाऊ दे आता, यातलं काही ते बोलले नाहीत. ते तसं बोलायची मी वाट पाहत होते हे मला तेव्हा कळलं. बाबांनी ताट माझ्याकडे सरकवलं आणि आणखी भाकर कुस्करून मागितली. मी दिली.